वाचक विचारतात: कासवाला फ्रीजमध्ये ठेवायचं का, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती की पाळीव कासवांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. एवढी कासवं आपल्या लोकांच्या घरात राहतात हे इतकी वर्षं दवाखाना चालवूनही मला माहीत नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीयेत.

एक आधीच सांगून टाकते. आपल्या मराठीत तळ्यातलं, समुद्रातलं, माळावरचं सगळंच कासव, त्यामुळे निम्म्या लोकांना आपल्याकडे नक्की काय आहे तेच ठाऊक नसतं. पाय हत्तीसारखे, खांबासारखे असतील तर ते जमिनीवरचं, म्हणजे टॉर्टॉइज. बोटांमध्ये पडदा असेल, पोहत असेल, तर ते पाण्यातलं. आधी उचलून पाय बघा, मग पुढचं वाचा.

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी आम्ही ऑनलाइन बघून सुलकाटाचं पिल्लू घेतलं. विकणारा म्हणाला टँक लहान ठेवला की कासवपण लहानच राहतं. हॉलमध्ये काचेच्या टँकमध्ये ठेवलंय, वर पिवळा बल्ब आहे. टोमॅटो, काकडी, पालक आणि कधीमधी पोळी, सगळं आवडीने खातं. पण आता पाठीवर टेंगळं यायला लागलीत, प्रत्येक चौकोन वर उचलल्यासारखा दिसतो. कॅल्शियमचं सिरप दिलं तर बसतील का? (एक जोडपं, ठाणे)

उत्तर : बसणार नाहीत. आलेली टेंगळं जात नसतात, पुढची वाढ मात्र सपाट करता येते आणि तुमचं पिल्लू लहान आहे म्हणून अजून वेळ आहे, तेव्हा घाबरू नका पण आजपासून बदला.

आधी त्या विकणाऱ्याचं बघू. सुलकाटा हे आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियाकडे जो साहेलचा पट्टा जातो तिथलं. गॅलापागोस आणि अल्डाब्रा ही दोन राक्षसी कासवं सोडली तर जगात सगळ्यात मोठं हेच. मोठा नर ४०-५० किलोचा सहज होतो, काही त्याहून मोठे. म्हणजे सिमेंटची भरलेली गोणी तुमच्या हॉलमध्ये चालतेय आणि वाटेत आलेली टीपॉय ढकलतेय असं डोळ्यासमोर आणा. टँक लहान ठेवल्याने कासव लहान राहत नाही, आजारी राहतं.

आता टेंगळं. याला आम्ही पिरॅमिडिंग म्हणतो. पूर्वी सगळे सांगायचे की प्रोटीन जास्त झालं म्हणून होतं, मीपण कित्येकांना तेच सांगितलंय, चुकलंच. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या अभ्यासकांनी सुलकाटाच्याच पिल्लांवर काम करून छापलं की कोरड्या हवेत वाढलेल्यांची पाठ उंचसखल झाली, दमट हवेतल्यांची बरीच सपाट राहिली, आणि प्रोटीनच्या कमीजास्तीने फरक पडला तो किरकोळ. लोकांना वाटतं वाळवंटाकडचं कासव म्हणजे त्याला कोरडंच पाहिजे. अहो पण ते दिवसाचा केवढा तरी वेळ बिळात असतं आणि बिळातली माती ओलसर असते! तुमच्याकडे वरून तापलेला बल्ब आणि बाजूला एसी, म्हणजे पापड वाळवायची सोय झाली. तर एका कोपऱ्यात उपडा डबा ठेवा, त्याला दार कापा, आत ओलसर कोकोपीट भरा. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीपर्यंत, त्याच्या वर नाही. त्यात ते पाणी पितं, शी-शू करतं, आणि पांढरं खडूसारखं काहीतरी टाकतं ते युरेट असतात, ते मऊ असेल तर छान, वाळूसारखं खरखरीत आलं तर पाणी कमी पडतंय.

सिरपचं म्हणाल तर सिरप पोटात जाऊन उपयोग काय, कॅल्शियम अंगी लागायला डी३ जीवनसत्त्व लागतं आणि डी३ कासवाच्या कातडीत उन्हातल्या युव्हीबी किरणांनी बनतं. खिडकीची काच युव्हीबी अडवते. हॉलमध्ये काचेतून आलेलं ऊन दिसायला ऊन असतं, कासवाच्या दृष्टीने तो नुसता उजेड. पिवळा बल्बही उष्णता देतो, युव्हीबी नाही. सकाळी बाल्कनीत सोडा, अर्धी जागा सावलीची ठेवून, आणि टँकसकट उन्हात कधीच ठेवू नका, काच तापली की आत कासव अक्षरशः शिजतं, अशी दोन माझ्याकडे आलीयेत आणि दोन्ही वाचली नाहीत. बाल्कनीला ऊनच येत नसेल तर युव्हीबीची ट्यूब आणा, पण सहा महिने ते वर्षभरात तिच्यातून युव्हीबी येणं कमी होतं, उजेड मात्र तसाच येत राहतो, म्हणून लोक फसतात. आणल्याची तारीख ट्यूबवरच मार्करने लिहा.

खाण्याचं. आवडीने खातं हा काही निकष नाही, माझा भाचा वेफर्स आवडीने खातो. पोळी आजपासून बंद, टोमॅटो बंद. या प्राण्याचं पोट गवत आंबवायला बनलंय, तिथे साखर आणि पीठ गेलं की आतले जंतू बिघडतात आणि पातळ शी सुरू होते. पालकात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणजे एकीकडे सिरप पाजायचं आणि दुसरीकडे पालक घालायचा हा आनंदच आहे. द्यायचं काय, तर गवत, गवत आणि गवत. हरळी, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा, त्याच. फक्त फवारलेल्या लॉनवरच्या नकोत. सोबत जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, थोडा शेवग्याचा पाला, फड्या निवडुंग मिळाला तर काटे खरवडून. पिल्लांना गवत बारीक चिरून द्या कारण लांब काडी त्यांना तोडता येत नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेस ठेवा टँकमध्ये, कोकणात किनाऱ्यावर पडलेला असतो तो पांढरा हलका तुकडा, पक्ष्यांच्या दुकानातही मिळतो. हवं तेव्हा कुरतडतं.

आणि कागद. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची चार आली, त्यात सुलकाटापण येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते, ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना सहा महिने दिले होते आणि नंतर घेणाऱ्यांना घेतल्यापासून ३० दिवस. तुमचे ते दिवस उलटलेत. तर लपवत बसू नका, वनखात्याच्या वन्यजीव विभागात जाऊन आहे तसं सांगा. तुम्हाला विकणाऱ्याने कुठला कागद दिला असेल असं मला वाटत नाही.

शेवटचं, जरा कडू. चांगलं खाऊपिऊ घातलंत तर दहा वर्षांच्या आत हे कासव एकट्याने उचलताना कंबर धरेल, आणि फ्लॅटमध्ये त्याला फिरायला जागा नसेल. गावाकडे कुणाची कुंपणाची जागा आहे का ते आत्ताच बघायला लागा, ते दोन किलोचं असताना. चाळीस किलोचं झाल्यावर कुणी नातेवाईक फोन उचलत नाही.

प्रश्न : सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की उत्तर दिशेला जिवंत कासव ठेवलं की पैसा टिकतो. एक माणूस पाठीवर चांदण्या असलेलं कासव आणून देतो म्हणतोय. लहान आहे, काही कळणार नाही कुणाला म्हणतो. घ्यावं का? (गृहिणी, सोलापूर)

उत्तर : नाही. ते स्टार टॉर्टॉइज, आपलंच देशी कासव, आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. आता ते अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा किमान तीन वर्षं कैद आणि दंड किमान २५ हजार. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून बंदी आहे. पैसा टिकायचा राहिला बाजूला, वकिलाला जाईल.

सासूबाईंना पितळी कासव आणून द्या. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव शेकडो वर्षं बसलंय, त्याला ना गवत लागतं ना नोंदणी.

आणि ज्यांच्या घरात हे कासव आधीच आहे त्यांच्यासाठी (अशी चार पत्रं आहेत, चारही बिननावाची!), १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, तिथे फोन करा. डोंगरावर नेऊन सोडू नका. ही कासवं गुजरात, राजस्थान, आंध्र, तमिळनाडूकडच्या कोरड्या झुडपी माळांवरची, त्यांना लोणावळ्याच्या पावसात सोडणं म्हणजे मारणंच आहे फक्त डोळ्याआड. शिवाय घरात राहिलेलं जनावर जंगलात काय आजार घेऊन जाईल सांगता येत नाही.

प्रश्न : आमचं कासव हिरवं आहे, कानाजवळ लाल पट्टी आहे, पाण्यातच असतं. घेतलं तेव्हा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं होतं आता ताटलीएवढं झालंय आणि पाण्याला भयंकर वास येतो. सोसायटीजवळ तलाव आहे तिथे सोडू का? मुलगी रडते पण बायको म्हणते हे किंवा मी. (नाशिक)

उत्तर : पाय बघा म्हणाले होते ना. हे टॉर्टॉइज नाही, रेड इअर्ड स्लायडर, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं.

तलावात अजिबात सोडू नका. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर घुसखोर जातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे, युरोपने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आपली तळ्यातली देशी कासवं उन्हाला ज्या दगडावर बसतात तिथे हे येऊन बसतं, त्यांचं खातं, आणि मरत नाही, हाच प्रॉब्लेम. वास येतो कारण जेवण आणि शी एकाच पाण्यात. खायला वेगळ्या टबात घाला, निम्मा वास तिथेच जाईल. बाकी मोठा टब, चांगला फिल्टर, वर चढून कोरडं व्हायला फळी आणि त्या फळीवर ऊन.

मुलीला एक शिकवा, कासवाला हात लावला की साबणाने हात. यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असतो, कासवाला काही होत नाही पण लहान मुलांना जुलाब-ताप होतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचापेक्षा लहान कासव पाळायला विकायला बंदी आहे ती यामुळेच, बारकी पोरं ते तोंडात घालायची. टब किचनच्या सिंकमध्ये धूत असाल तर वहिनींचं बरोबर आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. मुलासाठी हॉर्सफिल्ड जातीचं कासव घेतलंय, चार वर्षांचं आहे. इथले लोक म्हणतात हिवाळ्यात त्याला फ्रीजमध्ये ठेवा. खरंच फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी! सांगलीहून आई आलीये, तिने हे ऐकल्यापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. हे खरं आहे का? (एक आई)

उत्तर : खरं आहे. आईंना हे उत्तर वाचून दाखवा. फक्त दुधाशेजारी नको, वेगळा फ्रीज घ्या.

हॉर्सफिल्ड हे मध्य आशियातलं, कझाकस्तान-उझबेकिस्तानकडचं. तिथे हिवाळ्यात हाडं गोठतात म्हणून ते जमिनीत खोल जाऊन महिनोन्‌महिने पडून राहतं. (चिवट इतकं की सप्टेंबर १९६८ मध्ये रशियाने झाँड ५ यानातून या जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून परत आणली, माणूस तिथे जायच्या आधी. वजन थोडं घटलं होतं, भूक शाबूत होती.) तुमच्याकडे पंचाईत ही की इंग्लंडचा हिवाळा धड कझाकस्तानसारखा नाही. एक आठवडा थंडी, मग आठ दिवस ऊबदार, कासव अर्धवट जागं होतं, साठवलेली चरबी जाळतं, खायला काही नाही आणि परत थंडी. फ्रीजचं तापमान मात्र हलत नाही. ५ अंशांच्या आसपास ठेवायचं, ३ ते ७ च्या मध्ये. शून्याखाली गेलं तर डोळे कायमचे जाऊ शकतात, १० च्या वर गेलं तर उठतं. म्हणून फ्रीज आधी आठवडाभर रिकामा चालवून बघा, आत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा म्हणजे दार उघडलं तरी गारवा टिकतो.

पण फ्रीजच्या आधीचं जे आहे ते जास्त महत्त्वाचं आणि तिथेच लोक चुकतात. पोट रिकामं पाहिजे. दोन-तीन आठवडे खाणं बंद, पण ऊब चालू, आणि रोज कोमट पाण्यात अंघोळ, म्हणजे आतडं साफ होतं आणि पाणी भरपूर राहतं. थंडीत पचन बंद पडतं, आत अन्न राहिलं तर सडतं. मग हळूहळू तापमान उतरवायचं, एकदम नाही. आणि या सगळ्याच्या आधी व्हेटला दाखवा. नाक वाहतंय, वजन कमी आहे, उन्हाळ्यात आजारी होतं, नुकतंच घेतलंय आणि पूर्वीचं काही माहीत नाही, यातलं एक जरी असलं तरी या वर्षी झोपवू नका, दिवे लावून जागं ठेवा, काही बिघडत नाही.

आत गेल्यावर हवेशीर डबा, त्यात माती, रोज नाहीतर दिवसाआड फ्रीजचं दार मिनिटभर उघडायचं कारण ते श्वास घेतंच, कमी घेतं एवढंच. आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहा. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घटलं तर बाहेर काढा. डब्यात शू केलेली दिसली तरी बाहेर, मूत्राशयातलं पाणी हीच त्याची हिवाळ्याची शिदोरी असते, ती सांडली. एकदा उठवलं की परत झोपवायचं नाही. पहिल्या वर्षी तीन-चार आठवडे पुष्कळ झाले, मोठ्यांना अडीच-तीन महिने.

आणि हो, हे वाचून पुण्यातलं कुणी आपलं सुलकाटा, लेपर्ड किंवा रेडफूट जातीचं कासव फ्रीजमध्ये टाकू नका प्लीज! ती झोपणारी नाहीत, मरतील.

प्रश्न : फिनिक्स, ॲरिझोनातून. आमचा सुलकाटा बारा वर्षांचा आहे, आम्ही त्याला बंडू म्हणतो. बंडूने कंपाउंडच्या भिंतीखाली एवढं मोठं बीळ केलंय की भिंतीला तडा गेला, शेजारी चिडलाय. नवरा म्हणतो वाळवंट समोरच आहे, सोडून देऊ. आणि हिवाळ्यात रात्री बिळात ठेवला तर चालेल का?

उत्तर : नवऱ्याला सांगा वाळवंट समोर असलं तरी ते बंडूचं नाही. तिथे सोनोरन डेझर्ट टॉर्टॉइज राहतात, त्यांना श्वासाचा संसर्गजन्य आजार होतो आणि पाळलेली कासवं तो बाहेर घेऊन जातात. सोडणं बेकायदेशीर पण आहे. तुमच्याकडच्या रेस्क्यू संस्था सुलकाटांनी भरून गेल्यात, कारण तिथे ही कासवं मागच्या अंगणात अंडी घालतात आणि पिल्लं स्वस्तात विकली जातात. ॲरिझोनात खरं म्हणजे गेम अँड फिश खात्याकडून देशी डेझर्ट टॉर्टॉइज दत्तक मिळतं, ते लहान, झोपाळू, भिंती न पाडणारं, पण हे तुम्हाला बारा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

भिंतीचं. सुलकाटाचं बीळ तीन मीटरपर्यंत सहज जातं, त्याला थांबवता येत नाही, जागा बदलता येते. भिंतीच्या कडेने जमिनीत दोन-एक फूट खोल ब्लॉक गाडा आणि अंगणाच्या मध्यावर स्वतःच एक बीळ सुरू करून द्या, तिरकी चर, वर प्लायवूड, त्यावर माती. तोंड उंचावर ठेवा म्हणजे जुलै-ऑगस्टचा तुमचा मान्सून आला की बीळ भरणार नाही, ओल्या मातीत छत बसून आत कासव गाडलं जातं. आणि स्विमिंग पूल असेल तर कुंपण. याला पोहता येत नाही, दगडासारखं तळाशी जातं.

हिवाळ्यात बिळावर विसंबू नका. फिनिक्सच्या जानेवारीत दुपार छान असते पण रात्र त्याला जड जाते, आणि हे झोपणारं कासव नाही हे वर लिहिलंच. आतून थर्माकोल लावलेली लाकडी पेटी, थर्मोस्टॅटवर चालणारा ऑइल हीटर, दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आत २५-२७ अंश. सुरुवातीचे काही दिवस संध्याकाळी ढकलत न्यावं लागेल, मग स्वतःहून जातं.

एक गंमत सांगू का, तुमच्याकडे लॉनला जे बर्म्युडा ग्रास लावतात ना, ते आपली हरळीच. बंडू बारा वर्षं दूर्वाच खातोय.

प्रश्न : पावसाळा सुरू झाल्यापासून कासवाच्या नाकातून बुडबुडे येतात, मान लांब करून तोंड उघडतं. घरी कुत्र्यासाठी जंत आणि गोचिडीचं इंजेक्शन आणलेलं आहे, आयव्हरमेक्टिन, त्यातलं थोडं दिलं तर चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही, नाही, नाही. हे सगळ्यांनी वाचा. आयव्हरमेक्टिन कासवाला मारतं. कुत्र्याला, गाईला, शेळीला चालतं म्हणून हात सैल असतो लोकांचा, पण कासवाच्या मेंदूपर्यंत ते पोचतं आणि लकवा होऊन जनावर जातं. उतारा नाही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी सुई टोचायच्या आधी औषधाचं नाव विचारा, लाजू नका, मी पण माझ्या पेशंटच्या मालकांना सांगते विचारा म्हणून.

तुमच्या कासवाला न्यूमोनिया होतोय. गार आणि ओलं हे दोन्ही एकत्र आलं की होतं, नुसतं दमट चालतं, दमट आणि ऊबदार तर छानच, पण कोल्हापूरच्या जुलैत फरशीवर ठेवलेलं कासव म्हणजे गार आणि ओलं. कासवाला आपल्यासारखा छातीचा पडदा नसतो, खोकून कफ बाहेर काढता येत नाही, म्हणून दिसायला साधी सर्दी वाटते आणि आत फुफ्फुस भरत असतं. आजच कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खाली वर्तमानपत्र, बाजूला बल्ब, दिवसरात्र २८-३० अंश. गार अंगात त्याची प्रतिकारशक्ती चालत नाही आणि औषधही चालत नाही. आणि उद्या सकाळी एक्झॉटिक, म्हणजे कासवासारखे वेगळे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे, अँटिबायोटिक लागणार आहे. इंजेक्शन शक्यतो पुढच्या पायात देतात, मागच्या पायांतलं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं म्हणून. तोंड उघडून श्वास घेतंय म्हणजे उशीर झालाय, परवावर ढकलू नका.

छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

कवचाला खोबरेल लावलं की चकाकतं, लावू? नको. धूळ चिकटते. जुनी मऊ टूथब्रश आणि पाणी.

कवचाला भोक पाडून दोरी बांधली तर दुखतं का? दुखतं! ते हाड आहे, पाठीचा कणा त्यालाच जोडलेला असतो. तुमच्या बरगडीला भोक पाडून बघू का.

एकटं कंटाळतं, जोडीदार आणू? कंटाळत नाही. दोन नर आणलेत तर एकमेकांना धडका देऊन उलटे पाडतील, नर-मादी आणलीत तर मादीचं जगणं नकोसं होईल. वेगळ्या जाती तर एकत्र नकोतच.

उलटं पडलं तर? लगेच सरळ करा. फुफ्फुसं पाठीकडे असतात, उलटं झालं की सगळ्या पोटाचं वजन त्यांवर येतं, आणि उन्हात असेल तर काही तासांत खेळ संपतो.

माणसाला ओळखतं का? खायला देणाऱ्याला ओळखतं, लांबून चालत येतं. प्रेम म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. रंग चांगले दिसतात, लाल-पिवळ्याकडे धावतं, म्हणून लाल नेलपेंट लावून अनवाणी जाऊ नका, अंगठा चावून घेतलेल्या दोन बायका मला माहितीयेत.

नर नाही तरी अंडी घातली? घालते, कोंबडीसारखीच. पिल्लं निघणार नाहीत. पण खणायला माती दिली नाहीत तर अंडी आत अडवून धरते, मग एक्स-रे आणि पुढचं सगळं.

आई म्हणते कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते? संतांनी म्हटलंय खरं, आणि म्हणायला किती गोड आहे! पण कासवी खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि मागे वळून बघत नाही. आत मुलगा होणार का मुलगी हेसुद्धा खड्ड्याची ऊब ठरवते, जास्त गरम असेल तर माद्या, जरा कमी असेल तर नर.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त माणूस. नऊ वर्षांच्या नातवाला कासव हवंय, हट्ट धरून बसलाय. कुत्रा नको म्हणून आम्हीच कासव सुचवलं, शांत असतं, त्रास नाही. कुठलं घ्यावं? वाडा आहे, मागे मोकळी जागा आहे, ऊन भरपूर. (वाई)

उत्तर : काका, जागा तुमच्याकडे आहे, ऊन आहे, म्हणजे वरच्या निम्म्या लोकांपेक्षा तुम्ही बरे. पण हिशोब करू. सुलकाटा सत्तरच्या पुढे जगू शकतं. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचं अल्डाब्रा कासव होतं ते २००६ मध्ये गेलं, अडीचशे वर्षांचं होतं म्हणतात. सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचं आहे, ते १८३२ च्या सुमाराचं मानतात. म्हणजे तुम्ही नातवासाठी जे घ्याल ते नातवाच्या नातवाला पुरेल. नातू अठराचा झाला की पुण्याला जाईल, मग कदाचित बंगळूरला, आणि वाड्यात ४० किलोचं कासव आणि ७७ वर्षांचे तुम्ही.

शांत असतं हे खरं. त्रास नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं माहीत नाही, रोजचं टोपलीभर गवत कुठून येणार? कासव हाक मारत नाही, भुंकत नाही, म्हणून भूक लागलीय हे घरात कुणाला कळत नाही. एवढाच काय तो त्याचा शांतपणा.

असं करा. महिनाभर नातवाला रोज सकाळी शाळेच्या आधी एक टोपली हरळी खुडायला लावा. कासव नाही, नुसती हरळी. रविवारीपण, पाऊस असला तरी. शेजारच्या गाईला घाला, ती खुश होईल. महिना पुरा झाला आणि एकही दिवस चुकला नाही तर मला परत लिहा, मग जात आणि कागदपत्रं काय ते बोलू.